कोंडदरीतला लाल बोल्ट

आम्ही निघालो ते जयरामला जिवंत बाहेर काढायला. गवताच्या गाठींनी भरलेली त्याची पिकअप कोंडदरीत उलटली होती, त्याचा पाय दरवाजाच्या चौकटीखाली सापडला होता आणि दरीच्या खालच्या तोंडाला वणवा लागला होता. वारा वर चढत होता. वारा चढला की वणवाही चढतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

ही बातमी आणली बुधूबाबाने. तो दरीच्या माथ्यावरच्या वाडीतला म्हातारा, कमरेला कोयता लावून मोहाची फुलं वेचायला रानात गेला होता. तिथे मोबाइलला रेंज नाही. कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे बसून तो टोकावड्याच्या नाक्यावर आला, समोर कमळवहिनीची वडापावची गाडी दिसली आणि त्याने आडपडदा न ठेवता थेट तिलाच सांगून टाकलं, "कमळे, तुझा नवरा दरीत पडलाय. जिता हाय. पन आग येते वर."

वहिनीने कढईखालचा गॅस बंद केला आणि पदर खोचला. रडली नाही. "कोन येतंय माझ्यासंगं?" एवढंच बोलली.

त्याच नाक्यावर माझं बॅटरीचं दुकान. मी रुपाली. बॅटरी, वायरिंग, सेल्फ, हॉर्न, गाडीत जे जे करंटवर चालतं ते मी बघते. माझं तोंडही करंटवरच चालतं, असं गिऱ्हाइकं म्हणतात. त्या दिवशी नशिबाने ज्ञानादाची जीप दुकानासमोरच उभी होती. ज्ञानेश्वर म्हणजे आमच्या पट्ट्यात विंच बाळगणारा एकटा माणूस. जीपच्या पुढच्या बंपरवर बसवलेली एक मोटर, एक ड्रम, ड्रमवर गुंडाळलेली लोखंडी तार आणि टोकाला हूक. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर असो की ओढ्यात घसरलेला टेम्पो, लोक ज्ञानादालाच हाक मारायचे.

आणि त्या जीपचे लाड तरी किती! त्याच्या बापाकडे बैल होते. जानेवारीत म्हसाच्या जत्रेला निघायच्या आधी बैलांची शिंगं रंगवायची, हा घरचा रिवाज. बैल गेले, जीप आली, पण रिवाज काही सुटला नाही. दर वर्षी जत्रेच्या आधी विंच, बंपर, हूक, सगळं लालभडक ऑइलपेंटमध्ये न्हाऊन निघायचं. रंगवायचा मान जयरामचा. दोघं एका बाकावर बसून शाळेत नापास झालेले मित्र.

"मुरबाडवरनं क्रेन मागवू," कुणीतरी म्हणालं.

"ती येईपर्यंत राख उरेल," ज्ञानादा जीपमध्ये चढत म्हणाला. "आणि त्या वाटेला क्रेनचा चाक तरी मावेल का? रुपाली, बस! तुझी बॅटरी दगा देईल तर तुझ्याच हातात देईन ती."

"माझ्या बॅटरीला काय झालंय? नवीकोरी आहे!"

"म्हणूनच भ्या वाटतं."

हातोडी, पाने आणि टेस्ट लॅम्प पिशवीत टाकला आणि मी उडी मारून चढले. जंपर केबल दुकानात खुंटीला लटकतच राहिली. ती खुंटी आजही माझ्या डोळ्यांसमोर येते आणि मी स्वतःला शिव्या घालते.

डांबरी संपली, बैलगाडीची वाट लागली, मग तीही संपली. फाल्गुनातलं गवत बोनेटएवढं वाढून सोनेरी वाळलेलं होतं आणि जीप त्यातून फाडत चालली होती. पुढे आकाश मातकट झालं होतं. वळणावर एक रानडुकरीण समोरून आली, मागे पिल्लं, आणि तिने जीपला भीक न घालता सरळ मडगार्डवर धडक मारली! पत्रा आत गेला. डुकरीण पडली, उठली, रक्ताळलेल्या तोंडाने तशीच पळत सुटली. तिच्यामागे ससे, तिच्यामागे एक भेकर. जनावरं एका दिशेला पळत होती आणि आम्ही नेमके उलट्या.

मागे वहिनीशेजारी बसलेला बुधूबाबा ओरडत होता, "डावीकडं! अरं डावीकडं, तुझ्या डोल्यांत काय माती गेली?"

दरीच्या काठावर ज्ञानादाने कचकन ब्रेक दाबला. पुढची चाकं काठापासून हातभर अंतरावर. खाली उतारावर पिकअप कुशीवर पडली होती. गाठी सुटून गवत चहूबाजूंनी पांगलं होतं, आणि त्या गवतातून जयरामचं डोकं नि एक हात दिसत होता. दरीच्या तोंडाशी आग होती. धूर आधी दिसला, मग आवाज आला. ओल्या लाकडाची तडतड नव्हे, मोठं कापड कुणी सतत टराटरा फाडावं तसा आवाज!

"जयऱ्या!" ज्ञानादाने हाक मारली.

"कवाचा बोंबलतोय!" खालून उत्तर आलं. "येतोस का जेवून येतोस?"

वहिनी तोवर निम्मा उतार घसरत गेली होती. बुधूबाबा तिच्यामागे. मी हूक हातात धरून तार ओढत खाली गेले, पिकअपच्या वरच्या अंगाला, चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, हूक अडकवला आणि खेचून पाहिला. जयरामचा चेहरा राखेसारखा झाला होता. गुडघ्याखालचा पाय चौकटीखाली गेलेला, माती लाल. मी त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

परत वर आले. ज्ञानादाने चाकांना दगड लावले, सीटवर बसून ब्रेक दाबून धरला, इंजिन चालू ठेवलं. वायर जोडलेला रिमोट माझ्या हातात. बेत सोपा होता : पिकअप वीतभर उचलायची, खालच्या दोघांनी जयरामला ओढून काढायचं, सगळ्यांनी जीपमध्ये बसून पळायचं.

मी बटण दाबलं.

मोटर घुमली. तार ताठ झाली, किरकिरली. पिकअप हलली, चार बोटं उचलली गेली, आणि मोटर कण्हत बंद पडली! पिकअप तिथेच लोंबकळत डोलली आणि चौकट जयरामच्या पायावर कड बदलून रुतली.

त्याची ती किंकाळी! त्या दरीत ती इकडून तिकडे आपटत राहिली.

पुन्हा बटण. टक्. पुन्हा. टक्. मोटर गप्प.

"बॅटरी!" ज्ञानादा ओरडला. "मी काय बोललो होतो!"

"गप्प बसा!" मी बोनेट उघडत ओरडले. "इंजिन बंद करून परत सेल्फ मारा!"

त्याने मारला. इंजिन एका झटक्यात धडाडलं. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. ते त्याच्या तोंडावर सांगायला मला केवढा आनंद झाला, आणि खालून जयराम ओरडत असताना असा आनंद झाला याची लाजही वाटली.

मग बिघाड कुठे? टक् आवाज येतो तो सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरला करंट सोडणाऱ्या डबीचा. डबी टकटकते, म्हणजे रिमोट चांगला. मी टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या काळ्या टोकाला लावला, सुई मोटरच्या लाल केबलवर टेकवली आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. मोटरपर्यंत करंट पोचतोय! मग मोटरच जळाली की काय? मोटर जळाली असेल तर संपलंच.

मी पुन्हा बटण दाबलं. टक्. टक्-टक्. हट्टाने दाबतच राहिले. ज्ञानादाने खाली उडी मारली, माझी हातोडी उचलली आणि सोलेनॉइडच्या डबीवर दोन दणके घातले. "चाल! चाल गो माझी माय!"

"फोडताय काय तिला!" मी त्याच्या मनगटाला धरून हातोडी हिसकावली. त्याने मला ढकललं. मी बंपरवर आदळले, ओठ फुटला. मीही त्याच्या छातीत दोन्ही हातांनी धक्का दिला. दोन शहाणी माणसं, आग समोर, आणि आम्ही एकमेकांच्या अंगावर!

तेवढ्यात वहिनी उतार चढून वर आली होती. तिने ज्ञानादाच्या कानाखाली अशी वाजवली की त्याची टोपी उडाली. "भांडताय? माझा मानूस खाली मरतोय नि तुमी भांडताय?"

ती परत खाली गेली.

आणि मग वरून मधमाश्या आल्या. दरीच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली होती, धुराने ती उठली. आधी गुणगुण, मग एक काळा लोट! बुधूबाबाने खालून आरोळी दिली, "हलू नका! फडकी घ्या डोक्यावर!" त्याने जयराम आणि वहिनीवर गवताची गाठ उलगडून ओढली आणि स्वतः वर पालथा पडला. ज्ञानादा जीपमध्ये घुसला. मी ओढणी डोक्यावर घेऊन विंचच्या पुढ्यात बंपरला चिकटून बसले. मानेवर, हातांवर, पापणीवर डंख बसत होते. ओरडायला तोंड उघडलं असतं तर तोंडात शिरल्या असत्या. तशीच दात आवळून, नाक पार त्या विंचला टेकवून बसले.

म्हणून तो वास आला.

गवताचा धूर नव्हे. दुसराच वास. उग्र, तेलकट. घराला रंग लावताना येतो तसा, पण करपलेला. मी सुजलेली पापणी बोटाने उघडली. मोटरची काळी केबल जिथे चेसीला बोल्टने आवळली होती, तिथला लाल रंग फोडासारखा फुगला होता. त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. मी बोटाने शिवले. चटका!

करंट अडतो तिथेच तापतं. लाल केबलने मोटरमध्ये गेलेला करंट काळ्या केबलने चेसीत आणि चेसीतून बॅटरीत परत यायला हवा. इंजिनला परतीची वेगळी पट्टी थेट बॅटरीपर्यंत होती, म्हणून सेल्फ धडधडीत चालत होता. आणि माझा तो शहाणा टेस्ट लॅम्प! त्याचा चिमटा मी थेट बॅटरीला लावला होता, म्हणजे परतीची वाट तपासलीच नव्हती. खुंटीवरची जंपर केबल हाताशी असती तर मोटर थेट बॅटरीला जोडून मोकळी झाले असते.

"रंग!" मी किंचाळले. माश्या गेल्या तोंडात! थुंकले आणि पुन्हा किंचाळले, "ज्ञानादा, बोल्टखाली रंग आहे! केबल खोलून खालून रंगवलंय कुणीतरी! अर्थिंगच नाही!"

ज्ञानादा जीपच्या खिडकीतून बघतच राहिला. "जयऱ्या बोलत होता," तो सावकाश म्हणाला, "यंदा नीट खोलून रंगवलाय, एक कोपरा सोडला नाय..." आणि पुढचं त्याने गिळलं. जत्रेनंतर विंचने रिकाम्या तारेशिवाय काही ओढलंच नव्हतं. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जाईल तेवढ्यावर तिचं भागत होतं. आज पहिल्यांदा ओझं आलं होतं.

माश्या पांगू लागल्या होत्या, कारण धूर दाट झाला होता. ही काही चांगली खूण नव्हती. आगीने आता दरीचा मधला टप्पा धरला होता आणि डाव्या अंगाने ती माथ्यावर चढून आमच्या वाटेवर येत होती.

"बुधूबाबा, कोयता फेका!"

"माझा कोयता नाय देत मी कोनाला!"

"फेक रं म्हाताऱ्या!" हे वहिनीचं.

कोयता आला. मी बोल्ट सैल केला, केबलचं टोक बाजूला केलं आणि चेसी खरवडायला घेतली. चांगला जाड थर दिला होता जयरामने! एकाखाली एक, कितीतरी जत्रांचा रंग. लाल, मग काळपट लाल, मग गेरूसारखा. खरवडताना बोटं सोलली. शेवटी लोखंड चमकलं. केबलचं टोक घासलं, बसवलं, बोल्ट जीव खाऊन आवळला. कोयता तिथेच टाकला.

"ब्रेक धरा! वहिनी, तयार!"

बटण.

मोटर गरजली! कण्हली नाही, गरजली. तार ताठ झाली, पिकअपची कूस उचलली, वीतभर, हातभर. खाली बुधूबाबा आणि वहिनीने जयरामच्या काखेत हात घातले. "ओढ! ओढ!" जयरामने गुरासारखा हंबरडा फोडला आणि त्याचा पाय बाहेर आला.

"आला! सुटला!"

मी बटण सोडलं.

विंच थांबली नाही.

मी बटणाकडे बघितलं. बोट बाजूला होतं. विंच ओढतच होती! रिमोटची वायर उपसून काढली. तरी ओढतच होती. मघाशी मी हट्टाने टक्-टक् दाबत राहिले होते आणि ज्ञानादाने दणके घातले होते, त्यात डबीच्या आतले तांब्याचे तुकडे ठिणग्यांनी डागले होते. आता पुरा करंट मिळताच ते एकमेकांना चिकटून बसले. पिकअप उचलली जाऊन सरळ झाली, तिची चाकं एका खडकात अडकली, आणि आता ती हलेना. मग हलायला उरली कोण? जीप!

चाकांखालचे दगड फुटून उडाले. जीप काठाकडे सरकली. ज्ञानादा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा होता. "बंद कर! रुपाली, बंद कर!"

बॅटरीचा नट खोलायला वेळच नव्हता. पुढचं चाक काठाच्या मातीत बुडलं. मी कोयता उचलला आणि आताच जीव खाऊन आवळलेली ती काळी केबल बोल्टाजवळ तोडायला लागले. एक घाव. तांबं दिसलं. दुसरा. तिसऱ्या घावाला निळा भडका उडाला, कोयत्याच्या पात्याचा लचका गेला आणि माझ्या हाताला झिणझिण्या येऊन मी मागे फेकले गेले.

विंच गप्प झाली. तिचा आतला ब्रेक बसला. जीप काठावर नाक खुपसून थांबली, आणि तिच्यापासून पिकअपपर्यंत तार सतारीच्या तारेसारखी ताणून राहिली.

ज्ञानादाने रिव्हर्स टाकून पाहिला. चाकं जागच्या जागी धुरळा काढत फिरली. पिकअप खडकात, जीप तारेला, आणि मेलेली विंच तार सोडणार नव्हती. ताणलेली तार तोडायला गेलं तर ती उसळून माणसाचे दोन तुकडे करते. वाटेवर तर आग पोचलीच होती.

"उतरा," मी म्हणाले. "ज्ञानादा, जीप राहू द्या."

तो स्टिअरिंग धरून बसला होता. मग त्याने पाण्याचा कॅन आणि सीटवरची गोधडी उचलली, उतरला आणि बंपरवर एकदा हात ठेवला. बस, तेवढंच.

खाली बुधूबाबा सगळ्यांवर खेकसत होता. "वर पळाल तर मराल! आग मागनं खाईल. ओहोळातनं खाली चला! तिथं दगड हायती, गवत कमी, आग पातळ हाय. तिच्या पल्याड जळून गेलंय समदं, तिथं काय नाय जळायला!"

आगीतून खाली! पण बोलायला वेळ कुठे होता? गोधडी भिजवून जयरामवर टाकली. ज्ञानादाने त्याला पाठुंगळीला घेतलं. मी आणि वहिनीने उरलेलं पाणी डोक्यावर ओतलं. कोरड्या ओहोळाच्या दगडांवरून आम्ही धावत सुटलो. समोर गुडघाभर उंचीची ज्वाळांची रांग, बाजूंना पुरुषभर उंचीच्या.

"डोले मिटा! श्वास धरा! उडी!"

उडी! गरम, पांढरं, आंधळं काहीतरी अंगावरून गेलं. भुवया जळल्या, चप्पल वितळून तळव्याला चिकटली. वहिनीच्या पदराने पेट घेतला, बुधूबाबाने तो नुसत्या हातांनी चोळून विझवला. ज्ञानादा एका गुडघ्यावर पडला, पण पाठीवरचा माणूस त्याने सोडला नाही. उठला. अजून चार ढांगा. आणि पायाखाली काळी, गरम, मऊ राख लागली. आम्ही पलीकडे होतो!

मागे आग पिकअपपाशी पोचली. सुटं गवत एकदम भडकलं, डिझेलची टाकी फुटली, पिकअप खडकातून सुटली आणि खाली कोसळताना तिने तारेला हिसका दिला. काठावरची जीप डोकं खाली घालून आली. लाल बंपर, लाल विंच, सगळं एकदा आगीत चमकलं. मग लोखंडाचा असा आवाज झाला की बुधूबाबानेसुद्धा कान झाकले.

ज्ञानादा तिकडे बघत उभा राहिला. पाठीवरून जयरामने विचारलं, "काय झाला रे?"

"काय नाय. चल."

जयराम कल्याणच्या दवाखान्यात बरेच दिवस होता. पाय राहिला. दोन बोटं गेली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी त्याला भात भरवत होती आणि तो कुरकुरत होता. माझा चेहरा अजून भोपळ्यासारखा सुजलेला. मला बघून तो हसला आणि मग त्याने वहिनीचा हात बाजूला केला.

"रुपाली, एक विचारतो," तो म्हणाला. "खरा सांग. विंच बंद का पडली?"

मी स्टूल ओढून बसले.

"मी यंदा केबल खोलून रंगवली होती," तो छताकडे बघत म्हणाला. "रोज रात्री तेच डोक्यात येतं. माझ्यामुलं तर नाय ना गो झालं? माझ्यापायी जीप गेली काय त्याची?"

ज्ञानादा खिडकीशी उभा होता. जीप गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली. नको.

मी बॅटरीवाली. माझ्या बॅटरीला कुणी वाकडं बोललं तर मी त्याची सात पिढ्यांची हजेरी घेते. त्या दरीत, आगीसमोर, मी याच एका गोष्टीसाठी ज्ञानादावर ओरडले होते.

"बॅटरी," मी म्हणाले. "माझ्या दुकानातली. ऐन वेळी बसली. रंगाचा काय संबंध?"

जयरामने श्वास सोडला. केवढा मोठा श्वास! वहिनीने पुढचा घास त्याच्या तोंडात कोंबला.

"मी पहिल्यापासनं बोलत होतो," ज्ञानादा नाक पुसत म्हणाला. "पन हिला बोलायची सोय हाय का? जयऱ्या, लवकर उठ. नवी जीप घेतली की रंग तूच लावायचा."

आता नाक्यावर कुणीही येतं आणि विचारतं, ताई, बॅटरी नीट देताय ना, कोंडदरीसारखी नको. मी बॅटरी काउंटरवर आपटते आणि गप्प बसते.